मास्तरणीची गाडी किती देते

“नऊ पॉइंट आठ.”

“दहा म्हणा.”

“नऊ पॉइंट आठला दहा का म्हणू? उद्या डेपोतला एकेक ड्रायव्हर दारात उभा राहील, साहेब, आमच्या बसलाही जरा वर ढकला.”

“मग ढकला की. ढकलायला तुम्हाला काय टाकीत उतरायचंय?”

“अगं, बारा म्हणाली होतीस. ह्याच ओट्याला टेकून. बारा देईल, डोळे झाकून देईल.”

“डोळे झाकून मी चालवत नाही ना. उघडे ठेवले की थोडं कमी पडतं.”

नवरा हसला नाही. एरवी त्याला हसवणं सोपं होतं. शेजाऱ्यांचं कुत्रं लागोपाठ दोनदा शिंकलं तरी त्याला संध्याकाळपर्यंत पुरायचं. पण इंधनाचा विषय निघाला की तो परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखा व्हायचा. मान ताठ, ओठ बंद, आणि कुणी कुजबुजलं तरी कपाळाला आठी.

बसडेपोत तो डिझेलवर होता. कुठली बस किती प्याली आणि किती धावली, ह्याचा भागाकार करता करता त्याचे केस पांढरे झाले होते. ड्रायव्हर लोक पाठीमागे त्याला लिटरसाहेब म्हणायचे. बायको तोंडावर म्हणायची.

“लिटरसाहेब, ही तुमची बस नाहीये.”

“तेच म्हणतोय मी. पन्नास माणसं वाहून बस चार देते. तू एकटी बसून दहासुद्धा नाही. म्हणजे माणशी बघायला गेलं तर...”

“माणशी बघायला जाऊ नका. गाडीतल्या स्क्रीनवर दहा पॉइंट सहा दाखवतंय, ते बघा.”

“आपल्या तोंडाने आपलं वजन सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. माणूस असो की गाडी.” त्याने पंपाची पावती चहाच्या कपाखाली सरकवली. “पहिली टाकी झाली. दोन राहिल्या. ठरलंय ते ठरलंय.”

ठरलं होतं ते असं. तीन टाक्या जाळायच्या, रोजच्या वाटेवर, रोजच्यासारख्या. तिसऱ्या टाकीला लिटरमागे बारा किलोमीटर आले तर गाडी राहील आणि लिटरसाहेब जन्मात तिच्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. नाही आले, तर गाडी जाईल धाकट्या दिराकडे, आणि दिराची पांढरी, गरीब स्वभावाची, वीस देणारी गाडी इकडे येईल. दीर ह्या करारावर इतका खूश होता की त्याने येताजाता मास्तरणीच्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवायला सुरुवातही केली होती, नवरी बघायला आल्यासारखा.

“भाऊजी, हात काढा,” मास्तरीण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडायची. “डाग पडतात.”

“वहिनी, मी नुसता धूळ बघतोय.”

“धूळ तुमच्या गाडीवर बघा. तिथे वर्षाची साचलीय.”

मास्तरीण हे तिचं नाव नव्हतं, पण आजूबाजूच्या भागात दुसऱ्या नावाने विचारलंत तर घर सापडायचं नाही. चोवीस वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, त्यांच्या मधल्या गाळ्यात ड्रायव्हिंग स्कूल. बाहेर उभी एक गाडी, जिच्या चारही कोपऱ्यांवर चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपापली आठवण ठेवली होती. रिव्हर्स शिकताना खांब, पार्किंग शिकताना कठडा, आणि एकदा, कुणी कबूल करत नाही, पण पोस्टाची पेटी.

आणि गंमत बघा, ह्या चोवीस वर्षांत मास्तरणीने स्वतः गाडी जवळजवळ चालवलीच नव्हती. शिकवणारी बसते बाजूच्या सीटवर. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, अ‍ॅक्सिलरेटर शिकणाऱ्याच्या पायाखाली. तिच्या वाट्याला एकच गोष्ट यायची, पायाशी बसवलेला जादा ब्रेक. पहिल्याच वर्षी एका सद्गृहस्थांनी उजवीकडे वळ म्हटल्यावर डावीकडचा दिव्याचा खांब पसंत केला आणि मास्तरणीचा उजवा गुडघा दुखावला. तेव्हापासून तो जादा ब्रेक ती डाव्या पायाने दाबायची. तोंड चालू, डोळे आरशात, आणि डावा पाय ब्रेकच्या पट्टीवर.

“क्लच हळू सोड. कडेवरचं झोपलेलं पोर खाली ठेवतोस, तसा.”

“आरशात बघ गं. स्वतःला नाही, मागे.”

“समोर म्हातारी दिसतेय ना? ती रस्ता ओलांडणार आहे. हो, तिलाही अजून माहीत नाहीये, पण ओलांडणार आहे.”

आणि म्हातारीने पाऊल टाकायच्या आत डावा पाय खाली गेलेला असायचा. शिकणाऱ्याला कळायचंही नाही गाडी कुणी थांबवली. घरी जाऊन तो सांगायचा, आज मी काय वेळेवर ब्रेक मारला.

संध्याकाळी घरी जायला बस. सुट्टीला कुठे जायचं झालं तर लिटरसाहेब स्वतः चालवायचे, उताराला पाय उचलून, चढाला श्वास रोखून. मास्तरीण तिथेही बाजूच्याच सीटवर.

मग तिचा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या शोरूममध्ये लागला. बाईंमुळे लायसन्स मिळालं, लायसन्समुळे नोकरी. त्याने एक दिवस आग्रह करून बोलावलं. “बाई, नुसता चहा घ्यायला या.” चहा झाला. बाहेर एक छोटी निळी गाडी उभी होती. पाच दारं, मागे सामानाला जागा, दिसायला अगदी घरगुती.

“ह्याला हॉट हॅच म्हणतात, बाई. बाहेरून भाजी आणायची गाडी. आत टर्बो इंजिन. मूर्ती लहान.”

“कीर्ती बघू.”

“चला. आज तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो.”

रिंगरोडचा तो तुकडा रिकामा होता. मास्तरणीने आधी सगळं रीतसर केलं. आरसा, सीट, पट्टा, पुन्हा आरसा. मग उजवा पाय दाबला. जरासाच.

तिचं डोकं मागे टेकलं.

चोवीस वर्षांत तिचं डोकं फक्त पुढे गेलं होतं. धक्क्याने, गचक्याने, नवशिक्यांच्या ब्रेकने. मान पुढे जाण्याचाच तो धंदा होता. आणि आता पाठीमागून कुणीतरी प्रेमाने ढकलावं तशी ही निळी वस्तू तिला घेऊन निघाली होती. रस्त्याच्या कडेचे दिवे एकमेकांना चिकटायला लागले. इंजिनचा आवाज पोटात उतरला. मास्तरीण हसत सुटली, आणि बाजूला बसलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही पाय मॅटमध्ये रोवून म्हटलं, “बाई, पुढे वळण आहे.”

“दिसतंय मला. आता तुला कळलं का, बाजूच्या सीटवर कसं वाटतं?”

मॅन्युअल हवी की ऑटोमॅटिक, ह्याला तिने क्षणही घालवला नाही. “गिअर बदला, गिअर बदला म्हणून आयुष्यभर ओरडलेय. आता गाडीने आपणहून बदलावेत.”

“आणि बाई, अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर...” विद्यार्थ्याने नजर चुकवली. “कागदावर सोळा आहे. रस्त्यावर चालवणाऱ्याचा पाय कसा, त्यावर.”

“पाय? अरे, ह्या पायाने तुझ्यासारखे शेकडो वाचवलेत. ह्याच्याइतका शहाणा पाय तुला मिळायचा नाही.”

आणि घरी येऊन, उगीच मोठेपणा नको म्हणून, सोळाचे तिने स्वतःच बारा केले होते.

दुसऱ्या टाकीला मास्तरीण हट्टाला पेटली.

डिकीतलं सगळं काढलं, छत्रीसुद्धा. टायरमधली हवा थंड टायरला, सकाळी, घराजवळच्या पंपावर. एसी बंद, ड्रायव्हिंगच्या शाळेत पोचेपर्यंत केस कपाळाला चिकटायचे आणि लाँड्रीवाली विचारायची, “मास्तरीणबाई, पळत आलात का?” सिग्नल लांबून लाल दिसला की अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यायचा आणि गाडी आपली लोळत लोळत जाऊ द्यायची. पण ती लोळायचीच नाही. चार पावलं गेली की दमल्यासारखी मंद व्हायची. मास्तरणीला वाटलं, जड असेल. दिसत नाही, पण हाडं जड असतील.

रस्ता रोजचा तोच. घराखालची गल्ली, मग इस्पितळापुढचे स्पीडब्रेकर, मग नदीवरचा लांब उड्डाणपूल, पलीकडे बाजाराची गर्दी, आणि मग लाँड्री नि किल्ल्या. येतानाही तोच, फक्त उलटा. पुलावर ती रोज स्वतःला एक खाऊ द्यायची. चढ सुरू झाला की उजवा पाय खाली. गाडी घोटभर श्वास घ्यायची आणि मग टर्बो जागा व्हायचा. नदी, जहाजासारख्या लांब इमारती, आभाळ, सगळं एकदम अंगावर यायचं. तेवढ्यापुरतं अ‍ॅव्हरेज गेलं चुलीत.

मागून मात्र लोक हॉर्न द्यायचे. पुलावर तर हटकून.

“जळतात,” ती घरी सांगायची. “बाई माणूस, वर असली गाडी. पोटात दुखतं.”

“चाकं काळी झालीत तुझी,” लिटरसाहेब म्हणायचे. रोज संध्याकाळी मास्तरीण फडकं घेऊन चाकांची काळी भुकटी पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. आणि गाडी उभी केली की पुढच्या चाकांपाशी गरम वास यायचा, तापलेल्या तव्यासारखा.

“नव्या गाडीचा वास असतो तो.”

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, “असेल.”

दुसरी टाकी, दहा पॉइंट तीन.

“केस चिकटवून, छत्री काढून दहा पॉइंट तीन,” मास्तरीण ओट्यावर डोकं टेकून म्हणाली.

“अर्धा किलोमीटर सुधारणा आहे.”

“अर्ध्या किलोमीटरवर मी शेजारणीकडे जाऊन येते. चालत.”

दीर त्या दिवशी जेवायलाच होता. “वहिनी, मी माझ्या गाडीत नव्या मॅट टाकल्यात. तुमच्यासाठी. राखाडी रंगाच्या, मळखाऊ.”

मास्तरणीने त्याला दुसरी पोळी वाढली नाही.

तिसरी टाकी अर्धी संपली तेव्हा ती मनातल्या मनात गाडीचा निरोप घ्यायला लागली होती. आता काय, चार दिवस. एसी लावला. छत्री परत डिकीत ठेवली. बाजार ओलांडून पुलाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या सिग्नलला ती थांबली, आणि शेजारी येऊन थांबली सतरा नंबरची बस. वर, खिडकीत, ओळखीचा चेहरा. सतराचा ड्रायव्हर बस हातात यायच्या कितीतरी आधी मास्तरणीच्या हाताखालून गेलेला. पोस्टाच्या पेटीबद्दल तिचा संशय त्याच्यावरच होता.

“बाई,” त्याने वाकून हाक मारली. “गाडी दाखवली का कुणाला?”

मास्तरणीने काच खाली केली. “गाडीला काय झालंय दाखवायला?”

“मागचे लाल दिवे. अजून तसेच आहेत.”

“तसेच म्हणजे?”

“लागलेलेच असतात की ओ. पूल चढताना लाल, उतरताना लाल. मी मागे असलो की मला उमगतच नाही, बाई आता थांबणार की उडणार. हॉर्न देऊन देऊन अंगठा दुखला.”

“वायरिंग असेल.”

“मलाही आधी तेच वाटलं. मग नीट बघितलं. मधेच क्षणभर विझतात, परत लागतात. वायरिंग असं करत नाही, बाई. पाय करतो.”

“कुणाचा पाय?”

ड्रायव्हरला जरा अवघडल्यासारखं झालं. “गाडीत तुम्ही एकट्याच असता.”

मास्तरणीने मान खाली घातली.

उजवा पाय ब्रेकवर होता, सिग्नलला असायला हवा तसा. आणि त्याच्या शेजारी, त्याच पट्टीवर, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा ऐसपैस, डावा पाय. जराही लाज नाही. ऑटोमॅटिक गाडीत त्याला काही कामच नव्हतं. आणि चोवीस वर्षं ज्याने एकच काम केलं, त्याने तेच शोधून काढलं होतं. उजवा पाय गाडीला पळवत होता आणि डावा, नुसता टेकून, नुसत्या बुटाच्या ओझ्याने, तिला ओढून धरत होता. काळी चाकं. तव्याचा वास. लोळायला सांगितलं तर चार पावलांत दमणारी गाडी.

“मला का नाही रे सांगितलंस आधी?”

“साहेबांना सांगितलं होतं की. बरेच दिवस झाले. तुमची पहिली टाकी चालू होती तेव्हा.” डेपोत तीन टाक्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. “म्हणाले, बरं, मी बोलतो घरी.”

सिग्नल सुटला. सतरा नंबर गेली. मागच्यांनी हॉर्न दिले, ह्या वेळी खरोखर हलायला.

मास्तरीण पुलाच्या बाजूच्या रस्त्याला लागली, कडेला थांबली, आणि एकटीच एवढी हसली की शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. हसता हसता तिला नवऱ्याचा राग आला. रागावता रागावता दुसरीच गोष्ट ध्यानात आली: म्हणजे गाडीचा दोष नव्हताच. गाडी बारा देत होती. बिचारी पहिल्या दिवसापासून देत होती, आणि हीच तिचा पदर धरून बसली होती.

अर्धी टाकी अजून शिल्लक होती.

“चल,” तिने डाव्या पायाला सांगितलं. “मागे ये. अजून मागे. टाच सीटला लाव. इथून हललास तर बघ.”

तो हलला. इस्पितळाच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला आपणहून झेपावला आणि ब्रेकवर असा पडला की मास्तरणीचं नाक स्टिअरिंगपर्यंत गेलं. “पुन्हा,” ती म्हणाली, आजवर शेकडो जणांना म्हणाली होती तसंच, न चिडता. दुसऱ्या दिवशी एक कुत्रं आडवं गेलं, तो पुन्हा निघाला, निम्म्यात थांबला. “शाबास. तुझं काम नाही ते. उजवा बघतोय ना?” तिसऱ्या दिवशी तिने डाव्या पायातला बूट काढूनच ठेवला, मागच्या सीटवर. पायाला मॅटचा खरखरीतपणा जाणवत राहिला आणि त्याला कळलं आपण कुठे आहोत.

शाळेच्या गाडीत बसलं की मात्र त्याला परत पट्टीवर पाठवायचं. “आता तुझी ड्यूटी,” ती पुटपुटायची, आणि शिकणारा मुलगा घाबरून विचारायचा, “माझी, बाई?”

आणि निळी गाडी. तिचं काय सांगावं. दोरी सोडलेल्या वासरासारखी ती सुटली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आता ती थांबायची नाही, लाल सिग्नलपर्यंत गुणगुणत घरंगळत जायची. बाजारातून जाताना जवळजवळ पायच लावायला लागायचा नाही. पुलावर तर विचारू नका. पूर्वी घोटभर श्वास घ्यायची, आता घेतच नव्हती, दाबलं की निघाली. मास्तरणीचं डोकं सीटला टेकलेलंच राहायचं. स्क्रीनवरचा आकडा अकरावर आला, दुसऱ्या दिवशी साडेअकरावर. हॉर्न बंद झाले. लोक जळत नव्हते तर. बिचारे घाबरत होते.

घरी तिने ह्यातलं अक्षर काढलं नाही.

“कशी चाललीय टाकी?” लिटरसाहेब पेपरामागून विचारायचे.

“चाललीय.”

“चाकं पुसली नाहीस दोन दिवस?”

“आता जाणारच गाडी. कशाला पुसू?”

पेपर जरा खाली आला. नवरा तिच्याकडे बघत राहिला. तिने चेहरा असा पाडला होता की स्वतःलाच वाईट वाटावं. बोल की आता, ती मनात म्हणत होती. आत्ता सांग, मी सगळं माफ करते. पेपर पुन्हा वर गेला.

सुट्टीच्या सकाळी तिघं पंपावर गेले. लिटरसाहेबांचा नियम असा की पंप तोच, नळी तीच, पहिल्यांदा खट्‌ वाजलं की बंद, वर एक थेंब नाही. दीर आपली पांढरी गाडी धुऊन-पुसून घेऊन आला होता. मागच्या काचेतली बाहुलीसुद्धा काढून ठेवली होती.

खट्‌.

पावती घेऊन सगळे घरी आले. नवरा ओट्यापाशी उभा राहिला, डोळे मिटून त्याने भागाकार केला. कागद त्याला कधी लागला नाही.

“अकरा पॉइंट आठ.”

दिराने हळूच खिशातून पांढऱ्या गाडीची किल्ली काढली.

गॅसवर चहा ठेवला होता, तो मास्तरणीने गाळला. तीन कप भरले.

“बारा म्हणा, असं म्हणणार नाहीस?” नवऱ्याने विचारलं.

“नाही. अकरा पॉइंट आठ म्हणजे अकरा पॉइंट आठ.” तिने कप त्याच्यापुढे ठेवला. “मला एक सांगा, लिटरसाहेब. एखाद्या बसचा ब्रेक धरतोय हे साहेबाला माहीत आहे. ड्रायव्हरला माहीत नाही. साहेब सांगत नाही. मग जे अ‍ॅव्हरेज येतं ते कुणाच्या माथी?”

नवऱ्याचा कपाकडे गेलेला हात तिथेच राहिला.

“साहेबाच्या,” तो म्हणाला.

“कशाबद्दल चाललंय?” दिराने विचारलं.

“सतराचा ड्रायव्हर भेटला होता, भाऊजी. पुलाच्या सिग्नलला. म्हणाला, बाईंचा पाय ब्रेकवर असतो हे मी साहेबांच्या कानावर घातलंय. पहिल्या टाकीलाच घातलंय. ह्या टाकीचा निम्मा भाग मी पाय टाकून चालवलाय आणि निम्मा पाय काढून. तरी अकरा पॉइंट आठ. अख्खी टाकी पाय काढून चालवली असती तर किती, ते तुमचे दादा डोळे मिटून सांगतील.”

दादांनी डोळे मिटले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

“तुमच्या डेपोतल्या कुठल्या ड्रायव्हरशी असं वागला असतात का हो?”

“नाही.”

“मग माझ्याशी?”

“तुला आठवतं, गाडी आणली त्या दिवशी मला पुलावर नेलं होतंस?”

“तुम्ही म्हणालात, सीट छान आहे.”

“सीट मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. म्हणून कळलं छान आहे.” तो कपाच्या कानाशी चाळा करत होता. “अगं, तू हसत होतीस. एवढी मोठ्याने हसताना मी तुला कधी बघितलं नव्हतं, आणि वेगाचा काटा असा चढत होता. त्यानंतर रोज तू निघालीस की मी खिडकीत. डेपोत फोन वाजला की उचलायला मी पहिला. मग हा सतराचा येऊन सांगतो, बाईंचा पाय सारखा ब्रेकवर असतो. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला. दोनातला एक पाय तरी माझ्या बाजूचा आहे.”

दीर चहात बघत होता.

“आणि गाडी गेली असती तर?” मास्तरणीने विचारलं.

“तर मी शांत झोपलो असतो.”

“मी?”

त्याने पावती चुरगाळली आणि तो भावाकडे वळला.

“किल्ली खिशात ठेव. गाडी इथेच राहणार.”

“पण दादा, अकरा पॉइंट आठ...”

“अकरा पॉइंट आठ माझ्या माथी. पहिल्या दोन टाक्याही माझ्याच. जा, बाहुली लाव परत काचेला.”

“आणि मॅट?”

“मॅट राहू दे तुला. मळखाऊ आहेत.”

मास्तरणीला हसू आलं, पण तिने ते चहाबरोबर गिळलं. तिच्या आत काहीतरी पूल चढायला लागलं होतं. बोटं आपोआप खुंटीवरच्या किल्लीकडे गेली. सुट्टीची सकाळ. पूल रिकामा असणार, पलीकडचा रिंगरोडसुद्धा.

“तो पाय,” नवऱ्याने मागून विचारलं, “आता कुठे असतो?”

“मागे. सीटला टाच लावून.”

“सारखा?”

“सारखा.”

“पुलावर?”

“पुलावर तर आधी.”

तो उठून दारापर्यंत आला. ती बूट घालत होती. उजवा घातला, डावा हातात घेतला.

“हळू चालवशील ना?”

मास्तरणीने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत तेच हसू होतं, पुलावरचं. डावा बूट बगलेत मारून, किल्ली बोटाभोवती फिरवत, ती जिना उतरायला लागली.